पटावरची पाणपोई

‘फुकट ते पौष्टिक’ असे आपण हसत हसत म्हणतो, पण फुकट मिळालेल्या वस्तूवर आपला मनापासून विश्वास नसतो. आज फुकट देतोय म्हणजे उद्या पैसे मागणार, नाहीतर मालात खोट असणार, अशी शंका येतेच. बहुतेक वेळा ती खरीही ठरते. बुद्धिबळाच्या बाबतीत मात्र गेल्या तीस वर्षांत उलटेच घडले. इंटरनेटवर पट मांडून पैसे घेणारी दुकाने एकामागून एक मागे पडली किंवा मोठ्या दुकानाच्या पोटात गेली, आणि फुकटवाला आपल्या जागी उभाच राहिला. हे कसे घडले ते आज पाहू.

आमच्या खेडच्या स्टेशनवर गाडीची वाट बघत बसलेल्या एखाद्या पोराच्या मोबाइलवर पट उघडलेला दिसला, तर तो बहुधा दोनपैकी एका ठिकाणचा असतो. एक चेस डॉट कॉम, म्हणजे अमेरिकेतली कंपनी. दुसरे लिचेस, म्हणजे फ्रान्समध्ये नोंदलेली, नफा न कमावणारी संस्था. पहिल्या ठिकाणी खेळणे फुकट, पण जाहिराती बघाव्या लागतात आणि जास्तीच्या सोयी हव्या असतील तर वर्गणी. त्या वर्गणीचे प्रकार सराफाच्या दुकानातल्यासारखे, सोने, प्लॅटिनम आणि हिरा! दुसऱ्या ठिकाणी सगळेच फुकट. जाहिरात नाही, वर्गणी नाही. ज्याला द्यावेसे वाटेल त्याने देणगी द्यावी. देणगीदाराला मिळते काय, तर नावापुढे पंखाचे एक इवलेसे चिन्ह. उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेला रांजण भरून ठेवतात, त्याला गावात पाणपोई म्हणतात आणि आमच्या मोहल्ल्यात सबील. लिचेस ही त्या जातीची गोष्ट आहे.

भांडण समजून घ्यायचे तर आधी हा खेळ कोणाच्या मालकीचा, हे विचारावे लागते. बुद्धिबळ हा शब्द आपला, पण पटावर बसलो की आपण सगळेच फारसी बोलू लागतो. शह, मात, वजीर, प्यादे. खेळ हिंदुस्थानातून इराणात गेला, तिथून अरबांकडे, तिथून युरोपात, आणि नियम बदलून इंग्रजांबरोबर परत आपल्याकडे आला. वाटेत कोणी जकात घेतली नाही. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १८१४ मध्ये मुंबईत छापले गेले. त्यात डावांच्या शेवटच्या अवस्था मांडून, मात कशी द्यायची ते दाखवले होते. ज्याला वाचता येईल त्याने त्या चाली उचलाव्यात. चालीवर मालकी सांगता येते, हे त्या शास्त्रीबुवांच्या स्वप्नातही आले नसेल.

पट, सोंगट्या, दिवा आणि बसायला जागा यांचा खर्च मात्र कोणाला तरी करावाच लागे. आधी तो राजेरजवाडे करीत, नंतर मंडळे करू लागली. सांगलीचे नूतन बुद्धिबळ मंडळ हे आपल्याकडचे ठळक उदाहरण. १९४१ मध्ये ते सुरू झाले आणि भाऊसाहेब पडसलगीकरांनी त्यासाठी सारे आयुष्य वेचले. पुढे अनेकदा राष्ट्रीय महिला विजेती ठरलेली भाग्यश्री साठे सांगलीचीच. १९५५ मध्ये आंध्रातल्या एलुरूला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, तिचे विजेतेपद आपल्या रामचंद्र सप्रे यांनी डी. वेंकय्यांच्या बरोबरीने मिळवले. या पिढीच्या खेळात पैसा जवळपास नव्हता. जे चालले ते पदरमोडीवर चालले.

आता तारेकडे वळू. नभोवाणीवर बोलतो आहे म्हणून आधी एक आठवण देतो. महायुद्ध संपताच, सप्टेंबर १९४५ मध्ये, अमेरिका आणि सोव्हिएत रशिया यांचा बुद्धिबळाचा सामना रेडिओवरून झाला. दहा पट इकडे, दहा पट तिकडे, आणि चाली आकाशमार्गे. रशियाने तो साडेपंधरा विरुद्ध साडेचार गुणांनी जिंकला. म्हणजे समोरासमोर न बसता खेळायची हौस इंटरनेटच्या कितीतरी आधीची आहे. पोस्टकार्डावर चाली लिहून वर्ष-वर्ष एकच डाव खेळणारी माणसे तर होतीच.

इंटरनेटवर जगातल्या कोणालाही कोणाशीही खेळता येईल असा पट जानेवारी १९९२ मध्ये अमेरिकेत सुरू झाला. मायकेल मूर आणि रिचर्ड नॅश यांनी तो घडवला. पट कसला, तर काळ्या पडद्यावर अक्षरे आणि रेघा जुळवून काढलेले चौकोन. चाल टाइप करून पाठवायची. तरी लोक तुटून पडले. लवकरच पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातले संगणकशास्त्राचे प्राध्यापक डॅनियल स्लीटर यांनी त्याचा ताबा घेतला. एक मोठी अडचण होती. तारेतून चाल पोहोचायला वेळ लागे आणि तो वेळ खेळणाऱ्याच्या घड्याळातून कापला जाई. दूरच्या देशातला माणूस विचार न करताच वेळेवर हरायचा. खेळाडूच्या स्वतःच्या संगणकावर वेळ मोजण्याची युक्ती काढून स्लीटर यांनी ही अडचण दूर केली. चुका शोधणे, नवख्यांना शिकवणे, भांडणे मिटवणे ही कामे खेळणारेच हौसेने करीत. कोणाला पगार नव्हता.

मार्च १९९५ मध्ये स्लीटर यांनी त्याचे नाव इंटरनेट चेस क्लब केले आणि वर्षाला ४९ डॉलर वर्गणी लावली. त्या वेळच्या भावाने सुमारे दीड हजार रुपये. एकच गदारोळ उठला. गावाने श्रमदान करून रस्ता बांधावा आणि ज्याच्या हाती दोरी होती त्याने त्यावर टोलनाका बसवावा, असे लोकांना वाटले. ‘आम्ही फुकट राबलो आणि तुम्ही तिकीट लावले’ असा त्यांचा सवाल होता. स्लीटर यांचीही बाजू होती. खेळणारे वाढत होते, यंत्रे आणि माणसे लागणार होती, आणि विद्यापीठाच्या मेहेरबानीवर हे कायम चालणार नव्हते. ग्रँडमास्टर वगैरे किताबवाल्यांना त्यांनी प्रवेश मोफत ठेवला, म्हणजे थोर खेळाडू येतील आणि त्यांना बघायला पैसे देणारे येतील. हिशेब चोख होता. मला विचाराल तर या भांडणात दोन्ही बाजू खऱ्या होत्या, आणि म्हणूनच ते मिटले नाही.

रागावलेल्यांनी नुसत्या शिव्या घातल्या नाहीत. त्यांनी त्याच महिन्यात स्वतःचा पट मांडला आणि त्याच्या नावातच भूमिका घातली, ‘फ्री इंटरनेट चेस सर्व्हर’. मराठीत साठच्या दशकात प्रतिष्ठित मासिकांना कंटाळून तरुण कवींनी सायक्लोस्टाइलवर अनियतकालिके काढली होती, त्याची मला इथे आठवण होते. फरक एवढाच की आमची बहुतेक अनियतकालिके दोन-चार अंकांत आटोपली आणि या मंडळींचा पट वर्षानुवर्षे चालला. दोन्ही पट शेजारी शेजारी नांदले. एका ठिकाणी पैसे भरून थोरामोठ्यांचे खेळ बघायला मिळत, दुसरीकडे फुकटात तुमच्या-आमच्यासारखे भेटत.

आपण तेव्हा कुठे होतो? व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, तेही मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास या चार शहरांत. म्हणजे हे भांडण होऊन पाच महिने झाल्यावर आपले दार किलकिले झाले. कोकणात ते पोहोचले सायबर कॅफेच्या रूपाने. याहूवर बुद्धिबळ फुकट होते, पण कॅफेवाल्याचे घड्याळ चालू असे. पटावरचे घड्याळ एक आणि काउंटरवरचे दुसरे. दुसऱ्याच्या धाकाने पोरे पहिल्यापेक्षाही भराभर खेळत. पुढे २०१६ मध्ये याहूने आपले खेळांचे दालनच बंद केले. फुकट होते, पण ते मालकाच्या मर्जीचे फुकट होते.

दरम्यान दोन नवे पट आले होते. २००७ मध्ये एरिक ॲलबेस्ट आणि जे सेव्हर्सन यांनी चेस डॉट कॉम सुरू केले. स्लीटर यांच्या क्लबने दारातच तिकीट ठेवले होते. या दोघांनी दार सताड उघडे टाकले आणि तिकीट आतल्या खोल्यांना लावले. ही युक्ती जबरदस्त ठरली आणि जुना क्लब मागे पडत गेला. २०१० मध्ये फ्रान्समधला थिबो दुप्लेसी या तरुण प्रोग्रामरने लिचेस सुरू केले. त्याने पट तर फुकट ठेवलाच, शिवाय त्यामागची सारी संगणकीय लिखावट, ज्याला कोड म्हणतात, ती जगापुढे उघडी केली. कोणीही ती उतरवून घ्यावी, स्वतःचा पट मांडावा. अट एकच, सुधारणा केलीत तर तीही उघडी ठेवा. या अटीचे महत्त्व पुढे कळेल.

खेडसारख्या गावाला हे दोन्ही पट खऱ्या अर्थाने मिळाले ते सप्टेंबर २०१६ नंतर, जिओ आल्यावर. तेही आधी काही महिने फुकटच होते, मग पैसे सुरू झाले. आखातातून सुटीवर येणारे भाऊ-काका जे स्मार्टफोन घेऊन येत, त्यांवर घरातल्या मुलांनी आधी गाणी ऐकली आणि मग कोणीतरी पट उतरवला.

त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये एक मजेदार खटला उभा राहिला. जगज्जेतेपदाच्या कार्लसन–कार्याकिन सामन्याचे व्यापारी हक्क घेतलेल्या कंपनीने दावा केला की सामना चालू असताना त्यातल्या चाली दुसऱ्या संकेतस्थळांनी दाखवू नयेत. म्हणजे घोडा कुठल्या घरात गेला, ही बातमी आमच्या मालकीची! नोव्हेंबर २०१६ मध्ये तिथल्या न्यायालयाने मनाई हुकूम द्यायला नकार दिला. खेळलेली चाल ही घडलेली घटना आहे, ती सांगण्यापासून कोणाला अडवता येत नाही, असा त्याचा आशय. चाल तशी उघडीच राहिली. व्यापार करायचा तर तो पटाचा, खुर्चीचा, समालोचनाचा करावा लागणार, हे यातून नक्की झाले.

मग आले २०२०. सगळे घरात कोंडलेले. समय रैना नावाच्या विनोदी कलाकाराने यूट्यूबवर बुद्धिबळ खेळायला सुरुवात केली आणि नाशिकचा ग्रँडमास्टर विदित गुजराथी त्याच्या जोडीला आला. ज्यांनी शाळेनंतर प्यादे हातात धरले नव्हते ते लोक रात्र रात्र बघत बसले. त्यामागे व्यापारी पटाचा पैसा आणि यंत्रणा होती, हे मोकळेपणाने कबूल केले पाहिजे. पाणपोई तहान भागवते, पण जत्रा भरवायची तर दुकानदारच लागतात.

ऑगस्ट २०२० मध्ये जागतिक संघटनेने ऑलिम्पियाडच इंटरनेटवर घेतले, चेस डॉट कॉमच्या पटावर. भारतीय संघाचा कर्णधार विदित. संघात आनंद, हरिकृष्ण, हंपी, हारिका, गोव्याची भक्ती कुलकर्णी, आणि नागपूरची चौदा वर्षांची दिव्या देशमुख. उपांत्यपूर्व फेरीत आर्मेनियाच्या एका खेळाडूचा संपर्क निहाल सरीनविरुद्धच्या डावात तुटला आणि तो डाव हरला. आर्मेनियाने दाद मागितली, ती फेटाळली गेली, आणि रागाने त्यांनी पुढची फेरी खेळायलाच नकार दिला. दोन दिवसांनी, ३० ऑगस्टला, रशियाविरुद्ध अंतिम सामन्यात नेमके आपल्याच निहालचे आणि दिव्याचे इंटरनेट गेले. त्या दिवशी जगभर अनेक ठिकाणी जाळे कोलमडले होते. आधी रशिया विजयी ठरला. भारताने दाद मागितल्यावर संघटनेच्या अध्यक्षांनी सुवर्णपदक दोघांना वाटून दिले. आपल्याकडे पेढे वाटले गेले. आर्मेनियाला काय वाटले असेल, याचा विचार फार थोड्यांनी केला.

तार तुटली की वर्गणीदार आणि फुकट्या सारखेच, हे आम्हा कोकणातल्यांना त्या काळात नीट समजले. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने मंडणगड-दापोली भागाची वीज आणि मोबाइलचे मनोरे पाडले. २२ जुलै २०२१ ला जगबुडी आणि वाशिष्ठी यांनी खेड आणि चिपळूण बुडवले. घराघरांत चिखल भरला, मोबाइल चार्ज करायला जागा नाही. तेव्हा लाकडी पटावर, आणि सोंगटी हरवली असेल तर तिच्या जागी बाटलीचे बूच ठेवून खेळलेली मुले मी पाहिली आहेत.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. त्या काळात बुद्धिबळाच्या व्यापारात तीन मोठी नावे होती. चेस डॉट कॉम, २०१४ मध्ये जर्मनीत सुरू झालेले चेस२४, आणि जगज्जेत्या मॅग्नस कार्लसनच्या नावाची कंपनी. कार्लसनच्या कंपनीने २०१९ मध्ये चेस२४ आपल्यात घेतले आणि २०२० मध्ये ती ऑस्लोच्या शेअर बाजारात आली. २०२२ च्या अखेरीस चेस डॉट कॉमने ही सगळी मोळी सुमारे ८ कोटी ३० लाख डॉलरला विकत घेतली. २०२४ च्या सुरुवातीला चेस२४ वरचा खेळ थांबला. तिथे वर्षानुवर्षे खेळलेल्यांना दुसरीकडे जावे लागले. जगज्जेता स्वतः ज्या दुकानात भागीदार होता ते दुकानही टिकले नाही.

लिचेसला कोणी का विकत घेतले नाही? कारण घ्यायचे काय? संस्था नफ्याची नाही, भागधारक नाहीत. कोड तर आधीच उघडा पडलेला. उद्या कोणी दुप्लेसीला पैसे देऊन घरी बसवले, तरी दुसरा कोणी तोच कोड उतरवून दुसऱ्या दिवशी नवा पट मांडू शकतो. १९९५ मध्ये रागावलेल्या मंडळींना सगळे नव्याने उभे करावे लागले होते. पुन्हा ती वेळ येऊ नये, याची सोय त्या एका अटीत आहे. संस्थेचा जमाखर्च उघडा असतो. तिथे खेळलेले अब्जावधी मानांकित डावही कोणीही उतरवून घेऊ शकतो, आणि मोठमोठे संशोधक ते घेतात.

व्यापारी पटाच्या पोटातही फुकटाचेच इंजिन फिरते, ही यातली खरी गंमत. डाव संपल्यावर कुठे चुकलो हे सांगणारा स्टॉकफिश नावाचा प्रोग्राम २००८ पासून जगभरच्या हौशी प्रोग्रामरांनी मिळून घडवला आहे. तो मोफत आहे आणि त्याचाही कोड उघडा आहे. लिचेसवर तो फुकट चालतो. चेस डॉट कॉमवरही तोच चालतो, पण पैसे न भरणाऱ्याच्या वाट्याला मोजूनमापून येतो. यात बेकायदा काही नाही. कोणी त्याला आयत्या बिळावर नागोबा म्हणेल, कोणी म्हणेल की विहीर गावाची असली तरी पाणी घरपोच आणून देणाऱ्याने मजुरी घ्यावीच. पण एका जर्मन कंपनीने, चेसबेसने, स्टॉकफिशवर उभारलेले प्रोग्राम स्वतःचे नवे म्हणून विकले, तेव्हा स्टॉकफिशवाल्यांनी २०२१ मध्ये कोर्टात खेचले. नोव्हेंबर २०२२ मध्ये तडजोड झाली आणि कंपनीला ते प्रोग्राम विकणे थांबवावे लागले. फुकट म्हणजे बेवारस नव्हे, हे त्या निमित्ताने कागदावर आले.

व्यापारी पटाला मी खलनायक ठरवणार नाही. डिसेंबर २०२२ मध्ये त्याच्या सभासदांचा आकडा दहा कोटींवर गेला, आणि लगेच जानेवारीत गर्दीने त्याची यंत्रे धापा टाकू लागली. एवढी माणसे खेळाकडे आणणे हे हौशी मंडळींच्या आवाक्यातले काम नव्हते. किताबवाल्या खेळाडूंसाठी तो दर मंगळवारी बक्षिसाची स्पर्धा घेतो. आपल्याकडच्या कित्येक तरुणांना त्यातून चार पैसे मिळाले आहेत. २०२५ मध्ये रियाधला ई-स्पोर्ट्सच्या विश्वचषकात बुद्धिबळ आले, पंधरा लाख डॉलरची बक्षिसे घेऊन, आणि आपले अर्जुन एरिगैसी आणि निहाल सरीन तिथे खेळले. ज्या रियाधला आमच्या खेडची माणसे दोन पिढ्या मजुरीला गेली, तिथे बुद्धिबळाचे असे दाम मिळावेत, हे ऐकून आमच्या मोहल्ल्यातले म्हातारे चकित झाले. माझा मतभेद इतकाच आहे की शेजारी पाणपोई नसती तर बाटलीचा भाव काय असता, हे बाटली विकणाऱ्याला पक्के ठाऊक असते. आतल्या खोल्यांना तिकीट लावूनही बाहेरचे दार उघडे राहिले आहे, त्याचे श्रेय मी निम्मे तरी शेजाऱ्याला देतो.

दिव्या देशमुखचे पुढे काय झाले, ते तुम्ही जाणताच. २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातल्या बातुमीला कोनेरू हंपीला हरवून तिने महिला विश्वचषक जिंकला आणि थेट ग्रँडमास्टर झाली. पाच वर्षांपूर्वी जिची तार तुटली होती तीच ही मुलगी. पण बातुमीला पट लाकडाचा होता आणि प्रतिस्पर्धी समोर बसलेली होती. ग्रँडमास्टरचा किताब समोरासमोरच्या खेळातूनच मिळतो. इंटरनेटवर तुम्ही कितीही डाव जिंका, फुकट पटावर किंवा हिऱ्याच्या वर्गणीत, त्याने तुमच्या जागतिक मानांकनात एकाही गुणाची भर पडत नाही.

म्हणून खेडच्या एखाद्या हुशार मुलीला पुढे जायचे असेल तर मुंबई-पुणे-सांगली गाठावी लागते. तिच्या बापाने वहीत केलेला हिशेब माझ्या पाहण्यात आहे. प्रवेश फी, दोघांचे गाडीभाडे, लॉजवरचा मुक्काम, चार दिवसांचे जेवण, आणि बापाची बुडालेली मजुरी. सरावाच्या रकान्यात त्याने शून्य लिहिले होते. बाकीचे सगळे रकाने भरलेले होते.